तीन आणि चार मिळून पंचवीस

४ जानेवारी

ही वही पोरीच्या हुकमावरून सुरू करतोय. "बाबा, रोज काय समजलं नाही ते लिहायचं. समजलेलं लिहू नका, त्याला फार जागा लागणार नाही." असं बोलते बापाशी. शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे, जिभेला हाड नाही.

प्रकरण असं. बावीस वर्षं मी कारखान्यात अवजड माल उचलायच्या खात्यात आहे. यंत्रं, टाक्या, पंप, जे काही असेल त्याला दोर नाहीतर पट्टे बांधायचे, क्रेनला लटकवायचं आणि इकडचं तिकडे नेऊन ठेवायचं. आता गुडघ्याने मान टाकली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शिडी बंद. म्हणजे दोनच वाटा उरल्या. पर्यवेक्षकाची परीक्षा पास व्हायचं आणि खाली उभं राहून हुकूम सोडायचे, नाहीतर मे महिन्यापासून फाटकावरच्या खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं लिहायची. परीक्षा तीनदाच देता येते. दोनदा देऊन झाली. बाकी सगळ्यात पास, भौतिकशास्त्रात पहिल्यांदा एकतीस, दुसऱ्यांदा चौतीस. लागतात चाळीस. मेहुण्याने त्रैराशिक मांडून सांगितलं, की याच वेगाने गेलो तर चौथ्या खेपेला नक्की पास होईन.

मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. गाठ मारायला माझ्याकडे शिकला, परीक्षा पास झाला, आता माझा साहेब. कानामागून आला आणि तिखट झाला.

फाटकवाले काका मेमध्ये निवृत्त होणार. आज त्यांनी मला थांबवलं. "जरा बसून बघा की. डावा पाय डुगडुगतो, पण सवय होते." मी बसलो नाही.

घरी आलो तर ही आणि पोरगी स्वयंपाकघरात कसल्याशा कागदावर वाकलेल्या. हिच्या हातात पेन. मला बघताच कागद गायब. पोरीचे डोळे लाल होते. म्हणाली, कांदा चिरत होते. जेवणात कांदा काही दिसला नाही. पुढच्या महिन्यात मला पन्नास पुरी होतायत, त्याचंच काहीतरी शिजत असणार. मीही काही पाहिलं नाही असं दाखवलं. जेवताना पोरगी आपणहून म्हणाली, "यंदा भौतिकशास्त्र मी शिकवते तुम्हाला." मला इतका आनंद झाला! हिला म्हटलं, "बघ, पोरीला नापास हा शब्दच ठाऊक नाही. माझ्यावर गेली नाही हे बरं झालं." दोघींपैकी एकीलाही हसू आलं नाही.

६ जानेवारी

शिंगं मोडून वासरांत शिरलो. मास्तरीणबाईंची अट अशी, की त्यांनी शिकवलेलं मी त्यांना उलट समजावून सांगायचं. तरच समजलं असं धरणार.

आजचा धडा परिणामी बल. एका वस्तूला चौघे चार बाजूंनी ओढत असले, तर त्या चौघांऐवजी एकट्या कुणी कुठल्या बाजूला किती ओढलं असतं तर तेवढाच परिणाम झाला असता, ते काढायचं. आमच्या घरात ते नेहमी हिच्या बाजूला असतं. हे उदाहरण दिल्यावर मास्तरीणबाईंनी अर्धा गुण दिला.

मग गणित. एकीकडे तीन न्यूटन, त्याच्याशी काटकोनात चार न्यूटन. परिणामी बल किती? माझं उत्तर पंचवीस. पुस्तकात पाच. पोरगी म्हणाली, "बाबा! वर्गमूळ राहिलं. नऊ आणि सोळा पंचवीस, पंचवीसचं वर्गमूळ पाच." मला वाटत होतं की काढलं होतं. पाच हा आकडा मध्येच कुठेतरी दिसलाही होता, मग मी नेहमीसारखं काम पुरं केलं. पण लाल पेनापुढे कुणाचं चालतं? लिहून ठेवतो. वर्गमूळ विसरू नये.

१३ जानेवारी

न समजलेलं: "वजनहीन दोर."

प्रत्येक गणितात आहे. वजनहीन दोर, घर्षण नसलेली कप्पी, गुळगुळीत जमीन. हे पुस्तक लिहिणाऱ्याने आयुष्यात पाण्याची बादली तरी ओढली असेल का? मी भांडारात जाऊन सांगितलं, पन्नास मीटर वजनहीन दोर द्या. भांडारवाल्याने चष्म्यावरून पाहिलं आणि अर्ज पुढे सरकवला. "भरा. वजन या रकान्यात शून्य लिहा. आला की कळवतो, दिसला तर."

घरी सांगितलं तर पोरगी इतकी हसली की तिला ठसका लागला. महिनाभरात तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. परीक्षेचा अभ्यास पोरांचं रक्त पितो.

२० जानेवारी

सकाळीच हिचं आणि माझं वाजलं. गॅलरीतली कपडे वाळत घालायची दोरी कुजली होती, मी नवी आणली. गॅलरी चार मीटर, दोरी वीस मीटर. ही म्हणाली, "अहो, उरलेल्या सोळा मीटरवर मी काय वाळत घालू? शेजाऱ्यांना?" मग जुनं सगळं उकरून निघालं. चार माणसं जेवायला येणार म्हटलं तर मी वीस अंडी आणतो, रविवारी बाहेर पडायचं म्हटलं तर पाच छत्र्या काढतो. कमी पडलं तर बोलणी कुणाला बसतात?

पोरगी माझ्या चुकांची वेगळी वही ठेवते आहे. मी दोर कसा बांधतो, पट्टे जवळ का घेतो, काहीही बोललो की "थांबा, परत सांगा" म्हणते आणि लिहून घेते. मी या वहीत लिहिलेल्या शंका रोज तिला वाचून दाखवतो. पुष्कळदा ती म्हणते, "उद्या सांगते," आणि दुसऱ्या दिवशी शाळेतल्या बाईंना विचारून येते. स्वतःला येत असूनही बापासाठी खातरजमा करून घेते. गुणाची आहे. हिला म्हटलं तर ही म्हणाली, "तुमचा गुडघा तेवढा खराब आहे असं मला वाटायचं."

२ फेब्रुवारी

आज सापडलं! बावीस वर्षांत एवढी शरम वाटली नव्हती आणि एवढं हसलोही नव्हतो.

गणित होतं पाच आणि बारा न्यूटनचं, काटकोनात. माझं उत्तर पासष्ट. पोरीने लाल पेन उचललं, "वर्गमूळ रा..." म्हणाली आणि थांबली. "पंचवीस आणि एकशे चव्वेचाळीस म्हणजे एकशे एकोणसत्तर. वर्गमूळ विसरला असतात तर एकशे एकोणसत्तर आले असते. पासष्ट कुठून आले?"

"तेरा आले होते."

"मग तेराच बरोबर आहे! पुढे काय केलंत?"

"नेहमीचं."

"नेहमीचं म्हणजे?"

"पाचाने गुणलं."

पोरीने माझी महिनाभराची सगळी गणितं काढली. दहाच्या जागी पन्नास. वीसच्या जागी शंभर. ती किंचाळलीच, "आई, बाबांची सगळी उत्तरं पाचपट आहेत!" ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "मला विचारायचं होतंस. मी अंड्यांवरून सांगितलं असतं."

आता यात माझं काय चुकलं ते मला अजून नीट उमगत नाही. ज्या वस्तादाने मला धंदा शिकवला त्याच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती. तो म्हणायचा, कागदावरचा आकडा दोराला कधी सांगायचा नाही. एक टन उचलायचा तर पाच टनांना न तुटणारा दोर घ्यायचा. माल झटका देतो, वारा येतो, कुणीतरी मूर्ख मध्ये येतो. उघडा आकडा लिहून कामावर जाणारा माणूस मी पाहिलेला नाही. मी दोर बांधले आणि खाली माणसं उभी राहिली, बावीस वर्षांत कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. मला अभिमान आहे त्याचा.

हे सगळं पोरीने आपल्या वहीत उतरवून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, परीक्षेत दोर किती ओढतोय तेवढंच विचारतात. दोर कुठला घ्यायचा ते नाही विचारत. आधी खरं काय ते वरच्या ओळीत लिहा. भीती खालच्या ओळीत लिहायची."

दोन परीक्षा मी पाचाने गुणून नापास झालो तर. हसावं की रडावं!

३ फेब्रुवारी

आज दहा गणितं. सात पाचपट. हात ऐकत नाही.

१५ फेब्रुवारी

वाढदिवस गेला. काही शिजलं नव्हतं. मोजे मिळाले. मग तो कागद कसला होता?

संध्याकाळी गॅलरीत पोरीने विचारलं, "दोरी मध्ये लोंबतेच का? ताठ का नाही बांधत?" मी म्हटलं, ओली चादर घातल्यावर दोरी ताठ राहूच शकत नाही. "का?" म्हटलं, झोळ असला तर दोरीचा जोर थोडा वर लागतो, त्याने चादर तोलली जाते. झोळ कमी केला की जोर सगळा आडवा जातो. आडव्या जोराने चादर उचलली जात नाही, मग तेवढ्याच चादरीसाठी दोरीला कितीतरी जास्त ओढावं लागतं. तिला पटेना. हातच्या काकणाला आरसा कशाला? दोरी ओढायला लागलो. झोळ वीतभर राहिला, मग चार बोटं, मग दोन. पोरगी ओरडतेय, "अजून!" आणि भिंतीतला हूक प्लास्टरसकट बाहेर आला. चादर खालच्या मजल्यावरच्या आजोबांच्या डोक्यावर पडली. ते वर्तमानपत्र वाचत होते.

मी जिना उतरून माफी मागून आलो तर पोरगी जमिनीवरच बसून आकृती काढत होती. चादर खाली, दोन बाजूंना दोन बाण, प्रत्येकाचा उभा भाग वेगळा, आडवा वेगळा. "आडवे दोन एकमेकांना मारतात," ती स्वतःशीच पुटपुटली, "आणि उभे दोनच चादर धरतात. एवढंच होतं होय?" तोंडावर असा उजेड, जणू तिला हे आजच कळलंय. विद्यार्थ्याला हुरूप यावा म्हणून शिक्षक असं नाटक करतात. मला हुरूप आला.

हूक मीच बसवायचा असं ठरलं आहे.

९ मार्च

आज चार टनांचा पंप उचलायचा होता. लांब पट्टे दुसऱ्या शेडमध्ये राहिलेले. मेहुणा म्हणाला, आखूड पट्ट्यांनीच उचला, घाई आहे. आखूड पट्टे लावले की दोघांमधला कोन पसरतो. म्हटलं, "साहेब, हे नको." कारखान्यात मी त्याला साहेब म्हणतो, तेवढं गिळावं लागतं. तो म्हणाला, "भाऊजी, पट्ट्यावर पाच टन लिहिलंय. माल चार टन, शिवाय पट्टे दोन. सूत्र मला शिकवू नका."

पूर्वी मी नुसता हटून बसलो असतो. आज खडू घेतला आणि जमिनीवर पंप काढला. दोन बाण. कोन मोजला, एकशे चाळीस. म्हणजे उभ्या रेषेपासून सत्तर. पोरीने करून दिलेला कोसाइनचा कागद खिशातच होता. प्रत्येक पट्ट्यावर पाच टन आठशे पन्नास किलो. पट्टा पाच टनांचा. हात सवयीने गुणाकाराकडे निघाला होता, तो मागे घेतला. वरच्या ओळीत खरं लिहिलं. खालच्या ओळीत लिहिलं, "पट्ट्यात जी पाचपट राखलेली असते ती वाऱ्यासाठी, झटक्यासाठी आणि मेहुण्यांसाठी."

सगळे हसले. मेहुण्याने वाकून आकडे बोटाने परत मोजले. मग मोठ्याने म्हणाला, "अरे, लांब पट्टे घेऊन या! मी मघापासून तेच सांगतोय."

क्रेनवाला आकृतीवर पाय न देता तिला वळसा घालून गेला.

१२ मार्च

पोरीचा भौतिकशास्त्राचा पेपर. सकाळी तिने काही खाल्लं नाही. म्हटलं, "तू कशाला घाबरतेस? तुला तर तोंडपाठ आहे. तू तर मला शिकवलंस." ती म्हणाली, "हो बाबा." हिने मला टेबलाखालून लाथ मारली. का, ते समजलं नाही.

संध्याकाळी आली ती चपला एकीकडे, दप्तर एकीकडे. "बाबा, दोन दोऱ्यांनी टांगलेल्या दिव्याचं गणित होतं! आजोबांची चादर आठवली!" मी म्हटलं, पाचाने नाही ना गुणलंस?

१९ एप्रिल

माझा पेपर झाला.

घरून निघताना पोरीने माझ्या डाव्या मनगटावर पेनाने लिहिलं, "५ नको." पेपर सुरू होऊन दहा मिनिटं झाली नाहीत तोच देखरेखीच्या बाई येऊन उभ्या. "हे काय लिहिलंय हातावर?" मी म्हटलं, पाच नको. "म्हणजे?" "म्हणजे पाच नको, बाई." त्यांनी ते आपल्या कागदावर उतरवून घेतलं आणि मला हात धुवून यायला लावलं. नंतर तीन तास त्या कागदाकडे बघून डोकं खाजवत होत्या.

पण हात धुतला आणि मी निराधार झालो. चौथं गणित माझंच होतं. खोकं, दोन वजनहीन दोर, मध्ये मोठा कोन. वजनहीन हा शब्द डोळे मिटून गिळला. उत्तर लिहिलं. खाली वेगळ्या ओळीत लिहिलं, "असं बांधू नये. खाली माणसं असतात." तेवढं लिहिल्याशिवाय पान उलटवेना.

आता आठवत नाही, की सातव्यात मी गुणलं की नाही. आणि नवव्यात? पोरगी सारखी विचारते, "आठवा ना बाबा!" मला फक्त एवढंच आठवतंय की घाम फार आला होता. आज खरं लिहितो, कारण वही माझी आहे. मला फाटकावर बसायचं नाही. नावं लिहिणं वाईट काम नाही, पण क्रेनचा आवाज तिथपर्यंत येतो. दुसऱ्याने बांधलेला माल वर जाताना नुसता ऐकत बसायचं, हे मला जमणार नाही.

६ मे

पोरीचा निकाल. सगळ्यात पास. भौतिकशास्त्रात सत्तरपैकी त्रेपन्न. कागद हातात धरून रडायलाच लागली, हीसुद्धा रडायला लागली. मी चेष्टेने म्हटलं, "त्रेपन्नच? सतरा कुठे सांडले?" हिने असा चिमटा काढला की काळंनिळं झालंय. त्रेपन्न चांगलेच आहेत की! पण ज्या पोरीला सगळं येतं तिने त्रेपन्नासाठी एवढं रडावं?

२१ मे

पास!

एकसष्ट. मोठ्या साहेबांच्या केबिनबाहेर यादी लागली, मी तीनदा बोटाने रेघ धरून वाचली. चौथ्या गणिताला पुरे गुण आहेत आणि खालच्या ओळीशेजारी परीक्षकाने "खरं आहे" असं लिहिलंय, असं कारकून म्हणाला. डोळ्यांत पाणी आलं. गुडघा विसरून जिना उतरलो.

फाटकवाले काका हिरमुसले. उशी आणून ठेवली होती म्हणे. "असू दे," म्हणाले, "तुमचे मेहुणे आहेतच." घरी ही हळूच म्हणाली, "माझ्या भावाला एक्केचाळीसच होते. आई म्हणाली होती, कुणाला सांगू नकोस." चार वर्षं पोटात ठेवलं हिने!

संध्याकाळी मी एकटा घरात होतो. म्हटलं पोरीचं पुस्तक आता कव्हर घालून परत करावं, फार मळलं माझ्या हातांनी. पानं झटकली तर परिणामी बलाच्या धड्यातून एक कागद पडला. शाळेचा. पूर्वपरीक्षेचा निकाल. भौतिकशास्त्र, सत्तरपैकी चौदा. खाली पालकांची सही म्हणून हिची सही. तारीख चार जानेवारी.

मी खाली बसलो.

त्या दिवशी कांदा नव्हता. त्याच दिवशी मी जेवताना म्हणालो होतो, पोरीला नापास हा शब्दच ठाऊक नाही. आणि त्याआधीच तिने आपणहून मला शिकवायचं ठरवलं होतं. "परत सांगा, थांबा, परत सांगा." ती माझ्या चुकांची वही नव्हतीच. आणि निकालाच्या दिवशी मी विचारलं, सतरा कुठे सांडले. जीभ हासडून टाकावी असं वाटलं. फार वाईट वाटलं, आणि त्याच्याहून फार बरं वाटलं, आणि दोन्ही एकाच वेळी. या दोहोंचं परिणामी काय येतं ते कुठल्या पुस्तकात नाही.

पेन्सिल घेतली. चौदाच्या पुढे लिहिलं, "× ५ = ७०." म्हणजे पैकीच्या पैकी. आमच्या खात्यात असाच हिशोब धरतात. कागद होता त्याच पानात परत ठेवला.

२२ मे

सकाळी ही वही उघडली तर तो कागद आजच्या पानात. माझ्या गुणाकारावर लाल पेनाने काट मारलेली, शेजारी लिहिलंय, "५ नको." आणि त्याच्या खालच्या ओळीत बरोबरची खूण, भली मोठी.

ती अजून झोपली आहे. सुट्टी आहे, झोपू दे.